कोंड्याच्या मोलाची

ती गेल्याचा निरोप मी सकाळीच वाचला आणि वाचून मोबाईल बाजूला ठेवून दिला. घरच्या ग्रुपवर मंगेशनं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या मुलानं, टाकलं होतं : 'कुंदाबाई यांचे आज पहाटे दुःखद निधन. अंत्यविधी दुपारी.' पुढे आडनाव आमचंच होतं, पण त्या आडनावाची माणसं मेहकर तालुक्यात गावोगाव आहेत. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. असेल कुणी लांबची म्हणून मीही दोन हात जोडले आणि मेथी निवडायला बसले. मंगेशला साऱ्या जगाचे निरोप पुढे ढकलायची खोड आहे, आणि आमच्या वयाला निधनाचे निरोप दुधाच्या पिशवीसारखे रोजचेच झालेत. अर्धी जुडी झाली असेल, तर त्याचाच फोन. "आत्या, निघाली का?" म्हटलं, कुठं? "कुठं म्हंजे? मोठी आई गेली ना! तू ग्रुपवर हात पन जोडले!"

मोठी आई म्हणजे माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको. आमची कोंडाबाई. मी शाळेत जात होते तेव्हापासून जिच्या हातचं खाल्लं, जिच्या पाठीला पाठ लावून झोपले, तिच्या मरणाची बातमी मी परक्या बाईची म्हणून वाचली... कुंदाबाई कोण, हे मला पटकन आठवलंच नाही. बुलढाण्याहून चिखलीमार्गे मेहकरला जाणारी बस पकडली आणि साऱ्या वाटेत मला रडूच येईना, नुसता संताप येत राहिला. मंगेशवर, त्या नावावर, त्या नावापायी जे जे झालं त्या सगळ्यावर.

ती लग्न होऊन आली तो दिवस मला लख्ख आठवतो. माप ओलांडून झालं, आणि ताटात तांदूळ पसरून नव्या नवरीचं नाव लिहायची वेळ आली. आईनं आधीच ठरवून ठेवलं होतं, सुशीला. दादानं अंगठीचं टोक तांदळावर टेकवलं, तेवढ्यात नवरीबरोबर आलेली पाठराखीण, तिची म्हातारी मावशी, पुढे झाली आणि तिनं ताटावर आडवा हात ठेवला. "नाव बदलाचं नाही. सुपारीच्या टायमाले बोलनं झालं हाय." आई वडिलांकडे बघायला लागली, वडील आढ्याकडे. बोलणं झालेलं होतं, घरात सांगायचं तेवढं त्यांनी टाळलं होतं. आई फणकारली, "म्हंजे मी सुनेले चारचौघीत कोंडा म्हनून हाक मारू?" मावशी शांतपणे म्हणाली, "मारा ना. तिले सवय हाय." दादानं मान खाली घालून तांदळात 'कोंडाबाई' लिहिलं. आमच्या बायकांमध्ये हसू पिकलं. नवरीचं तोंड पदराआड होतं, पण तिचा हात मला दिसत होता, आणि तो हात मावशीच्या लुगड्याचा काठ घट्ट धरून होता.

त्या वयात मला तिची फार कीव आली. नको असलेल्या पोरींची नावं काय ठेवतात हे मी ऐकून होते. कोंडा म्हणजे चाळणीत वर उरतो, गुरांना घालतात, तो. आईबापांना नकोशी झाली असणार म्हणून हे नाव, असा मी हिशेब केला आणि तिच्याशी मुद्दाम गोड वागायला लागले. माझ्या वाटचा गूळ तिला दे, तिच्याबरोबर पाण्याला जा... ती मला विमलबाई म्हणायची. मी परकर-पोलक्यातली, आणि ती लग्न झालेली बाई, तरी नणंद ती नणंद. एकदा पीठ चाळता चाळता मी धीर करून विचारलं, "वहिनी, तुमच्या मायनं तुमाले असं नाव काऊन ठेवलं? तुम्ही नको व्हत्या का तिले?" ती इतकी हसली की चाळणी हातातून निसटली. "अवं विमलबाई, नको कशाची! मले त इकत घेतलं हाय!"

मग तिनं सांगितलं. तिच्या आधीची मायची लेकरं जगत नव्हती. सटवाई लिहून जायची आणि मागून दुसरं कोणी येऊन घेऊन जायचं. लोणारच्या पलीकडचं तिचं माहेर, तिथं अशा घरी एक रीत करत. लेकरू जन्मलं की त्याला सुपात घालायचं आणि उकिरड्यावर नेऊन ठेवायचं. शेजारची एखादी बाई सहज आल्यासारखी यायची, उचलायची, आणि मोठ्यानं म्हणायची, 'मले पोरगी सापडली.' मग मायनं पुढे व्हायचं, पदरात आणलेला कोंडा तिच्या ओट्यात, म्हणजे तिनं पसरलेल्या पदरात, टाकायचा : 'कोंडा घे, पोरगी दे.' असं विकत घेतलेलं लेकरू घरात आणायचं आणि त्या मोलाचंच नाव ठेवायचं. म्हणजे न्यायला येणाऱ्याला वाटावं, हे तर टाकलेलं, कोंड्याच्या मोलाचं. "कोंड्याच्या मोलाची पोरगी कोन नेईन?" वहिनी म्हणाली, आणि सांडलेला कोंडा चिमटी चिमटीनं गोळा करायला लागली. "मायनं सांगतलं, हे नाव कवाच टाकू नको. टाकलं त त्याले कळन, का हे पोरगी भरल्या घरची हाय."

पुढे मी शिक्षिका झाले, आणि प्रवेशाचे अर्ज भरून घेताना कचराबाई, धोंडाबाई, दगडाबाई, उकंडा अशी नावं आईबापांच्या रकान्यात भेटत राहिली. नव्या शिक्षिका हळहळायच्या, किती दुष्ट होते हो लोक. मी हसायचे. इतक्या लाडाची नावं मराठीत दुसरी नसतील. ज्याला जपायचं त्याच्यावर धूळ टाकून ठेवायची, हे एखाद्या मुलुखाला सुचावं यासाठी त्या मुलुखानं किती पोरं पुरलेली असतील, एवढाच विचार मनात यायचा, आणि मग हसू जायचं.

वहिनीच्या स्वयंपाकघरात फळीवर वनस्पती तुपाचा एक जुना पिवळा डबा असायचा. पीठ चाळलं की कोंडा त्या डब्यात. आईनं किती वेळा टोमणे मारले, "सोनं ठेवल्यावानी ठेवते बाई कोंडा!" पोळ्याच्या अवसेला, म्हणजे तिच्या जन्माच्या दिवशी, ती त्यातला ओंजळभर कोंडा घेऊन शेजारच्या सुमनच्या गोठ्यात जायची. सुमनच्या ओट्यात टाकायची, सुमन 'घे तुई पोरगी' म्हणायची, आणि दोघी हसत परत यायच्या. एवढंच. बाकी वहिनीचं देवधर्माचं फार नव्हतं. उपास तिला झेपत नसत, कीर्तनात तिला डुलकी लागायची. फक्त या एका बाबतीत ती हट्टी होती. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी तिला मुलगा झाला, तेव्हा मीच चिडवलं होतं, आता याला कोंडिबा म्हणायचं का? गुरुवारचा जन्म, म्हणून नाव गजानन ठेवायचं दादानं ठरवलं होतं. ती म्हणाली, "राहू द्या गजानन. माहं एकलीचं नाव पुरते घराले."

गजू चांगला मुलगा होता. हे गेलेल्या माणसाविषयी लिहायचं म्हणून लिहीत नाही. बुलढाण्याला कोर्टात नोकरीला लागला तेव्हा वर्षभर माझ्याकडेच राहिला, आणि पहिल्या पगाराचं लुगडं आईच्या आधी मला आणलं, कारण म्हणे, आई घरची आहे, तू रुसशील. त्याचं लग्न अकोल्याच्या मुलीशी ठरलं. अश्विनी, बी.एड. झालेली, वडील बँकेत. पत्रिका छापायची वेळ आली आणि गजू गावी येऊन आईजवळ घुटमळायला लागला. मी तिथंच होते. "आई, पत्रिकेत कुंदा टाकू का वं? तिकडचे लोक हसतीन." वहिनी ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं नाही. पाखडतच म्हणाली, "तुले लाज वाटते का माही?" "तुही नाही वं. नावाची." "नाव म्हंजे मीच ना बाप्पा." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आईच्यानं ते पाहवेना. संध्याकाळी चहा देताना तिनं सांगून टाकलं, "छाप. लग्न तुहं हाय." गजूनं तिला उचलून गरकन फिरवलं. मग पत्रिकेपाठोपाठ आधारवर, बँकेत, रेशनवर सगळीकडे कुंदा झालं. मांडवात विहीणबाईंनी 'कुंदाताई' म्हणून हाक मारली की ही दुसऱ्या हाकेला वळायची. निघताना मी विचारलं, कसं वाटतं नवं नाव? म्हणाली, "हलकं वाटते विमलबाई. उघड्यावर निजल्यावानी."

पुढच्याच वर्षी, पाऊस ओसरल्यावर, गजूला ताप आला. साधा ताप म्हणून अंगावर काढला, मग बुलढाण्याला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले डेंगी आहे, पेशी उतरल्यात, औरंगाबादला न्या. न्यायला गाडी केली... तो वाटेतच गेला. अश्विनीला तेव्हा दिवस होते. तिला घरी आणलं ते दोघींनी धरून. वहिनी ओसरीवर उभी होती. ती ओरडली नाही, छाती बडवली नाही. आत गेली, फळीवरचा डबा काढून तो पोटाशी धरून चुलीजवळ बसली, आणि एवढंच म्हणाली, "मी दार उघडं ठेवलं." बायकांना वाटलं, धक्क्यानं बरळतेय, कोणी उठून दार लावून आलं. ती काय म्हणतेय हे त्या घरात दादाला आणि मला कळलं होतं. अश्विनीला नाही कळलं असं आम्हाला वाटत होतं, पण तिलाही कळलं होतं.

मी तिच्याशी पुष्कळ भांडले. आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवलेली बाई मी. डास, ताप, पेशी, सगळं समजावलं. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची. "हाव, डेंगीच व्हता. डाक्टर खोटं काऊन बोलन?" आणि मग, माझा जीव जरा निवतोय तोच, "पन त्याले आमचं घर कोनं दाखोलं?" शास्त्र माणूस कशानं गेला ते सांगतं. माझाच का, हे सांगत नाही, आणि आईला तेवढंच ऐकायचं असतं.

अश्विनी बाळंतपणाला माहेरी गेली. मुलगी झाली. बारशाआधी वहिनी मला म्हणाली, अकोल्याला चला माझ्यासंगं. एसटीत बसल्यावर पाहिलं, तिच्या पिशवीतून सुपाची कड वर आली होती. डबाही होता. मी म्हटलं, वहिनी, राहू द्या हे. ती खिडकीबाहेर बघत राहिली. अकोल्याचं ते घर तिसऱ्या मजल्यावर, उकिरडा कुठला असायला. वहिनीनं हात जोडून सुनेला सांगितलं, बाहेर न्यायचं नाही, काही नाही, फक्त दाराच्या उंबऱ्यात सूप ठेवू, विमलबाई उचलतील, मी कोंडा देईन, झालं. "एवढं करू दे माय मले. मंग कायी मांगनार नाही."

अश्विनीनं मुलीला छातीशी घट्ट धरलं. वाटलं होतं ती अंधश्रद्धा वगैरे म्हणेल, तसं काहीच म्हणाली नाही. ती म्हणाली, "आई, हे मी करू दिलं, तर मान्य केल्यासारखं होईल ना, की नाव बदललं म्हणून ते गेले. आणि नाव कोणासाठी बदललं? माझ्या माहेरासाठी. म्हणजे मी नेलं त्यांना. तेच म्हणायचंय ना तुम्हाला?" वहिनीनं 'नाही' म्हणायला हवं होतं. तेवढ्या एका शब्दावर सगळं सावरलं असतं. तिला खोटं बोलता येत नव्हतं, आणि खरं बोलायची तिची छाती नव्हती. ती गप्प राहिली, जरा जास्तच वेळ. मग तिनं सूप पिशवीत घातलं, नातीच्या कपाळाला बोट लावलं, आणि आम्ही जेवण न करता निघालो. बारसं आमच्याशिवाय झालं. नाव ठेवलं स्वरा.

अश्विनी अकोल्यालाच नोकरीला लागली, तिथंच राहिली. दिवाळीला फोन यायचा, कधी मुलीचे फोटो यायचे. सुट्टीत दोनेकदा पोरगी गावी आली तेव्हा वहिनी तिला पाहत बसायची, पण मांडीवर घ्यायची नाही. विचारलं तर म्हणायची, "नजर नको पडाले माही." स्वतःचं जुनं नाव मात्र तिला परत हवं होतं. कुंदा म्हणून हाक मारली तर ओ द्यायची नाही. मी मेहकरच्या कचेरीत चौकशी केली, प्रतिज्ञापत्र, राजपत्र, हेलपाटे... ऐकून तीच म्हणाली, "जाऊ द्या. ज्याले कळाचं व्हतं त्याले कळलं." दादा मागेच गेला होता. उन्हाळ्यात शेवटची भेटले तेव्हा अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं होतं, बोलणं तोंडातल्या तोंडात. निघताना माझं मनगट धरलं. मला वाटलं पाणी मागतेय. म्हणाली, "रडसान त पयल्या नावानं रडा."

म्हणून त्या दिवशी दुपारी, बसमधून उतरून अंगणात पाय ठेवला तशी मी मोठ्यानं हंबरडा फोडला, "कोंडाबाई वं, माये..." शहरात राहून मला असं रडायची लाज वाटायला लागली होती, ती लाज कुठं गेली कोण जाणे. पलीकडून सुमननं त्याच नावानं हाक घातली. जमलेली तरुण पोरं एकमेकांकडे बघायला लागली, ही कोणाला रडतेय म्हणून. तेरवीपर्यंत गावच्या फाट्यावर फलक लागला होता, गुलाबाच्या चौकटीत तिचा फोटो आणि 'कै. कुंदाबाई'. खाली मंगेशच्या मित्रांचे गॉगल लावलेले फोटो तिच्या फोटोहून मोठे.

तेरवीला अश्विनी आली, स्वराला घेऊन. पोरगी आता चौथीत आहे, हनुवटी हुबेहूब गजूची. पंगती उठल्यावर आम्ही स्वयंपाकघरात आवरत होतो. अश्विनीची नजर फळीवरच्या पिवळ्या डब्यावर गेली आणि ती तिथंच थांबली. सुमन भांडी विसळत होती. तिला अकोल्याचं काही ठाऊक नव्हतं, ती आपली सहज बोलून गेली, "तुमची पोरगी मी लय डाव इकली हाय, बाई." अश्विनीनं विचारलं, म्हणजे? "पयले पोयाच्याच अवसेले यायची ते. गजू गेल्यावर दर अवसेले. कोंडा टाकायची माह्या ओट्यात, 'कोंडा घे, पोरगी दे.' मी म्हनो, कोनती पोरगी वं, तुई कोनती पोरगी? त म्हने, गजूची. पाय गेले तवा मलेच बोलावून घे. खाटीवरून टाके कोंडा, आर्धा खाली सांडे."

अश्विनी ओट्याला टेकून उभी राहिली. तिनं विचारलं, आणि ते सुमनला नव्हतं, मला होतं, "माझ्याबद्दल कधी काही बोलल्या?" मला सांत्वनाची वाक्यं येतात, नोकरीत पुष्कळ वापरलीत. पण वहिनीच्या स्वयंपाकघरात खोटं बोलवेना. म्हटलं, "नाही गं. चांगलंही नाही, वाईटही नाही. स्वतःबद्दलच बोलायची. दार मी उघडं ठेवलं म्हणायची. मी." अश्विनी रडली. गजू गेला तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मग तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "आत्या, मी हे करणार नाही. आजही नाही. केलं तर मी उरेन कशी?" मी म्हटलं, नको करू. ती चपला घालून दारापर्यंत गेली, पोरीला पुढे घातलं, परत वळली. "तुम्ही केलंत, तर मला सांगू नका."

हे छापून येईल तेव्हा ती वाचेलच. तिनं सांगू नका म्हटलं होतं. मी लिहिलंय, याचं ती काय करायचं ते करो.

डबा मी बुलढाण्याला आणला. आता तो माझ्या ओट्यावर आहे, आणि मी चक्कीवरून आणलेलं पीठ पुन्हा चाळून घ्यायला लागले आहे. या सगळ्यावर माझा विश्वास नाही. गजूला डासानं नेलं, आणि कोंडाबाईला त्या एका 'छाप'नं आतून पोखरून नेलं, असंच माझं मत आहे. तरी परवाच्या अवसेला मी मेहकरची बस धरली. सुमनच्या गोठ्यात गेले, कोंडा घेतलेला पदर पुढे केला. म्हटलं, 'कोंडा घे, पोरगी दे.' सुमननं ओटा पसरला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "कोनाची पोरगी?"

मी म्हटलं, "आमच्या कोंडाबाईची." आणि कोंडा टाकला.